किशोरवयातला स्किझोफ्रेनिया: गोळी सुरू झाल्यावर दिवसाची घडी कशी बसवावी

डॉक्टरांची पहिली चिठ्ठी हातात पडते तेव्हा आईवडिलांच्या मनात दोन प्रश्न असतात. ही गोळी किती दिवस घ्यायची? आणि पोर पुन्हा शाळेत कधी जाणार? पहिल्याचं उत्तर डॉक्टर देतात. दुसऱ्याचं उत्तर बरंचसं घरातच शोधावं लागतं. माझी मुलगी सोळा वर्षांची असताना आम्ही डॉक्टरांच्या खोलीत अशीच चिठ्ठी घेऊन बसलो होतो. तेव्हा आम्हाला कुणीतरी सांगायला हवं होतं, ते इथे क्रमाने लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. डोस ठरवणं, बदलणं, थांबवणं हे मनोविकारतज्ज्ञांचंच काम. पण गोळी सुरू असताना मुलाचा दिवस कसा जातो, हे त्यांना तुमच्याशिवाय दुसरं कुणी सांगू शकत नाही.

पायरी १: गोळीकडून कशाची अपेक्षा धरायची ते आधी ठरवा

या आजारावरचं पहिलं औषध, क्लोरप्रोमाझिन, १९५२ साली वापरात आलं. तेव्हापासून आजपर्यंतची बहुतेक अँटिसायकोटिक औषधं एकाच मुख्य वाटेने काम करतात. मेंदूत डोपामिन नावाचं रसायन ज्या ठिकाणी जाऊन चिकटतं, त्या जागा ती अंशतः अडवतात. त्यामुळे कानात येणारे आवाज मंदावतात, कुणीतरी पाळत ठेवतंय हा संशय सैल होतो, तुटक बोलणं जुळायला लागतं. या लक्षणांना डॉक्टर पॉझिटिव्ह लक्षणं म्हणतात. चांगली असा त्याचा अर्थ नाही. नसलेलं काहीतरी मनात येऊन बसलं, म्हणून पॉझिटिव्ह.

दुसरा गट निगेटिव्ह लक्षणांचा. जे होतं ते गेलं. उत्साह गेला, चेहऱ्यावरचे भाव गेले, मैत्रिणींना भेटावंसं वाटणं गेलं. तिसरा गट विचारशक्तीचा: लक्ष टिकत नाही, ऐकलेलं डोक्यात थांबत नाही, उत्तर सुचायला वेळ लागतो. या दोन गटांवर गोळीचा परिणाम फार थोडा होतो. शाळा, अंघोळ, अभ्यास, मैत्री हे सगळं नेमकं याच दोन गटांवर अवलंबून असतं.

म्हणून आवाज थांबल्यावरही मूल दिवसभर पलंगावर बसून राहिलं, तर औषध फुकट गेलं असं समजू नका आणि मूल आळशी झालं असंही समजू नका. गोळीने तिच्या वाट्याचं काम केलेलं असतं, उरलेल्या कामाला वेगळी मेहनत लागते.

वेळेचाही अंदाज असू द्या. झोप आणि अस्वस्थता काही दिवसांत सुधारू शकते. आवाज आणि संशय कमी व्हायला आठवडे लागतात. औषध लागू पडलं की नाही हे ठरवायला योग्य डोसवर साधारण चार ते सहा आठवडे द्यावे लागतात. दिवसाची घडी बसायला मात्र महिने मोजावे लागतात.

पायरी २: सुरुवातीची नोंद करून ठेवा

पहिल्या गोळीच्या आधी, किंवा तातडीमुळे ते जमलं नाही तर पहिल्या आठवड्यात, वजन, उंची, कंबरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर आणि रक्तातली चरबी यांची नोंद झाली पाहिजे. काही औषधांसाठी ईसीजी आणि प्रोलॅक्टिनची (दूध तयार करवणाऱ्या संप्रेरकाची) तपासणीही सांगतात. डॉक्टर विसरले तर आठवण करून द्यायला संकोच करू नका.

दुसरी नोंद घरची आहे, ती कोणत्याही प्रयोगशाळेत होत नाही. वर्षभरापूर्वी मूल काय काय करत होतं? किती वाजता उठायचं, किती वेळ वाचायचं, आठवड्यातून किती जणांना भेटायचं? हा आजार बहुतेक वेळा हळूहळू येतो. आवाज सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून मार्क घसरलेले असतात, मित्र तुटलेले असतात. ही नोंद नसली की पुढे प्रत्येक गोष्टीचा दोष गोळीवर येतो. आमच्या घरात तसंच झालं. ‘गोळीने पोरीचं हसू नेलं’ असं मी महिनोन्‌महिने म्हणत होते. जुने फोटो काढून पाहिले तेव्हा कळलं की हसू गोळीच्या दहा महिने आधीच गेलं होतं.

पायरी ३: हेच औषध का, ते विचारा

अमेरिकेच्या औषध नियामकाने १३ ते १७ वयातल्या स्किझोफ्रेनियासाठी रिस्पेरिडोन, अ‍ॅरिपिप्राझोल, ओलान्झापिन, क्वेटियापिन, ल्युरासिडोन आणि ब्रेक्सपिप्राझोल यांना मान्यता दिली आहे. पॅलिपेरिडोनला बाराव्या वर्षापासून आहे. यांतलं सर्वांत प्रभावी कोणतं, हा प्रश्न सगळेच विचारतात. त्यापेक्षा या मुलाला कोणता दुष्परिणाम सोसवेल आणि कोणता सोसवणार नाही, हे विचारलेलं जास्त कामाचं.

असं म्हणायला आधार आहे. टीओस या नावाने ओळखला जाणारा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. ८ ते १९ वयाच्या मुलांना मोलिंडोन, रिस्पेरिडोन किंवा ओलान्झापिन यांपैकी एक औषध आठ आठवडे दिलं गेलं. फायदा झालेल्यांचं प्रमाण अनुक्रमे ५०, ४६ आणि ३४ टक्के होतं, म्हणजे ठामपणे एकाला सरस म्हणावं इतका फरक नव्हता. वजनात मात्र मोठा फरक पडला. ओलान्झापिनवर सरासरी ६.१ किलो वाढलं, रिस्पेरिडोनवर ३.६ आणि मोलिंडोनवर ०.३. ओलान्झापिनचा गट या कारणाने मधेच थांबवावा लागला. मोलिंडोनवर वजन वाढलं नाही, पण शरीराची बेचैनी जास्त दिसली.

डोस वाढवण्याची घाईही नको. रिस्पेरिडोनच्या किशोरवयीन चाचण्यांत रोजच्या ३ मिलिग्रॅमच्या वर जादा फायदा दिसला नाही, दुष्परिणाम मात्र वाढले. ‘अजून थोडा डोस वाढवून बघू या का’ असा आग्रह पालकच धरतात. मीही धरला होता.

पायरी ४: पहिले पंधरा दिवस डोळ्यांत तेल घालून बघा

पहिल्या काही दिवसांत मान एका बाजूला ओढली जाणं, जबडा आवळणं, डोळे वर जाऊन अडकणं असं होऊ शकतं. तरुण मुलांमध्ये, विशेषतः मुलग्यांमध्ये, हे जास्त दिसतं. पाहणाऱ्याचा धीर सुटतो, पण इंजेक्शनने किंवा गोळीने ते लवकर सुटतं. लगेच दवाखाना गाठा. पुढची गोळी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय देऊ नका.

खूप ताप, लाकडासारखं कडक झालेलं अंग, घाम आणि गोंधळलेलं बोलणं एकत्र दिसलं तर वाट पाहायची नाही. हा दुर्मीळ पण जिवावर बेतणारा प्रकार आहे, सरळ तातडीच्या विभागात न्या.

तिसरी गोष्ट बेचैनीची. तिच्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण ती ओळखण्यात फार चुका होतात. मूल एका जागी बसू शकत नाही. येरझारा घालतं, पाय हलवत राहतं, उभं राहिलं तरी वजन या पायावरून त्या पायावर टाकत राहतं. घरच्यांना वाटतं आजार वाढला. डॉक्टरांना फोनवर सांगताना आपण ‘खूप चिडचिड करतोय, झोपत नाही’ एवढंच सांगतो. त्यावर डोस वाढतो आणि बेचैनी दुप्पट होते. हा औषधाचाच दुष्परिणाम आहे, त्याला अकॅथिसिया म्हणतात. मुलाला साधा प्रश्न विचारा: ‘डोक्यात त्रास होतोय की पायांत?’ माझ्या मुलीने सांगितलं होतं, ‘आतून कुणीतरी ढकलतंय, मला थांबता येत नाही.’ हे वाक्य मी तसंच्या तसं डॉक्टरांना सांगितलं आणि डोस कमी झाला. डोस कमी करणं, औषध बदलणं किंवा प्रोप्रॅनोलॉलसारखं पूरक औषध देणं असे उपाय असतात. ही बेचैनी सहन करत बसायची गोष्ट नाही. तिच्यामुळे मुलं गोळ्या सोडतात, कधी जीव द्यायला निघतात.

पायरी ५: रोज एक ओळ लिहा

जाडजूड डायरी आठवड्याच्या वर टिकत नाही. रोज एकच ओळ पुरे. त्यात झोपेची आणि उठण्याची वेळ, गोळीची वेळ, लक्ष लागलं ती मिनिटं, शरीराचा त्रास आणि मुलाने कुणी न सांगता केलेली एक तरी गोष्ट लिहायची. आवाजांचा त्रास शून्य ते दहामध्ये किती, तो आकडा मुलाने स्वतः द्यायचा. तो पटला नाही तरी खोडू नका.

यातला सर्वांत मोलाचा रकाना ‘कुणी न सांगता’ केलेल्या गोष्टीचा. पाणी स्वतः घेतलं, खिडकी उघडली, भावाला काहीतरी विचारलं. सुरुवातीला तो कोरा राहतो. आमचा सतरा दिवस कोरा होता.

तीन-चार आठवड्यांच्या ओळी जमल्या की एका महत्त्वाच्या प्रश्नाचं उत्तर त्यातून निघतं: मूल नुसतं बसून आहे, ते कशामुळे? बाहेरून सगळं सारखंच दिसतं, कारणं वेगळी असतात आणि उपायही वेगळे.

गुंगी असेल तर ती गोळीच्या वेळेला बांधलेली असते. सकाळी डोळे उघडत नाहीत, दुपारनंतर मूल जागं होतं. औषधाने आलेला ताठरपणा असेल तर चालताना हात हलत नाहीत, अक्षर बारीक होतं, तोंडात लाळ साचते, चेहरा मुखवट्यासारखा दिसतो. निगेटिव्ह लक्षणं असतील तर सकाळ-संध्याकाळ फरक नसतो, आणि विचारलं तर मूल म्हणतं, ‘वाईट वाटत नाही, काहीच वाटत नाही.’ नैराश्य असेल तर वाईट वाटतं, अपराधी वाटतं, पहाटे जाग येते, मरणाचा विषय निघतो. पाचवी शक्यता अशी की आवाज अजून चालू आहेत आणि मूल ते ऐकत बसलंय. ओठ हलतात, नजर एका कोपऱ्याकडे जाते, प्रश्नाचं उत्तर उशिरा येतं.

गुंगीला गोळीची वेळ बदलून उतार पडू शकतो. ताठरपणाला डोस कमी लागतो. नैराश्याला वेगळे उपचार लागतात. निगेटिव्ह लक्षणांना छोट्या-छोट्या कामांची रोजची शिडी लागते. पाचही ठिकाणी ‘ऊठ, किती वेळ लोळणार आहेस’ हे वाक्य मात्र निरुपयोगी ठरतं.

पायरी ६: गोळीची वेळ दिवसाला जुळवून घ्या

ओलान्झापिन आणि क्वेटियापिन झोप आणतात. रात्री जेवणानंतर अकराला घेतलेली गोळी आठला घेतली, तर सकाळचे तीन तास परत मिळू शकतात. हा बदल डॉक्टरांना विचारून करा. अ‍ॅरिपिप्राझोलने काही मुलांची झोप उडते, त्यांना ती सकाळी देतात. ल्युरासिडोन किमान ३५० कॅलरींच्या जेवणासोबतच घ्यावं लागतं, नाहीतर ते अंगी लागत नाही. उपाशीपोटी घेऊन ‘उपयोग होत नाही’ म्हणणारे कितीतरी जण मला भेटले आहेत.

एखादी गोळी चुकली तर पुढच्या वेळी दोन देऊ नका.

गोळ्यांचा साठा मोठ्या माणसाच्या ताब्यात असावा, पण रोजची गोळी मुलाने स्वतःच्या हाताने घ्यावी. वारांच्या कप्प्यांची डबी दर आठवड्याला दोघांनी मिळून भरा. तोंड उघडून दाखव असं रोज म्हणायची पाळी आली तर मुलाच्या मनात गोळीबद्दल काहीतरी अडलेलं आहे, आणि ते बोलून घेतलं पाहिजे.

पायरी ७: वजन वाढण्याआधीच काम सुरू करा

पहिले सहा आठवडे दर आठवड्याला वजन करा. साखर, चरबी आणि रक्तदाब बारा आठवड्यांनी आणि पुढे दर सहा महिन्यांनी तपासून घ्या. या औषधांनी लागणारी भूक खरी असते. पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत उशिरा पोहोचतो, त्यात मुलाच्या संयमाचा दोष नसतो. गोड पेयं घरात आणणंच बंद करा, आणि हा नियम सगळ्या घराला लावा, एकट्या आजारी मुलाला नाही. वजन वेगाने वाढत असेल तर औषध बदलण्याबद्दल किंवा मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या गोळीबद्दल डॉक्टरांना विचारा.

पाळी चुकणं, छातीतून दुधासारखा स्राव येणं, मुलाची छाती वाढणं हे प्रोलॅक्टिन वाढल्याने होतं, आणि रिस्पेरिडोन व पॅलिपेरिडोनवर ते जास्त आढळतं. या वयाची मुलं लाजेपायी हे सांगत नाहीत, गुपचूप गोळी बंद करतात. डॉक्टरांकडे मुलाला दहा मिनिटं एकट्याने बोलू द्या. तुम्ही बाहेर बसा.

पायरी ८: शाळा जिन्यासारखी चढा

पहिल्याच दिवशी पूर्ण वेळ शाळा, हा धोपटमार्ग बहुतेकांना जमत नाही. आधी घरात रोज ठरलेल्या वेळी वीस मिनिटं टेबलाशी बसणं जमू दे. मग शाळेत दोन तास, तेही मुलाच्या आवडीच्या विषयाचे. हे दोन आठवडे नीट पार पडले तरच तिसरा तास वाढवा. सकाळी गुंगी असेल तर उशिरा येण्याची परवानगी मागा.

शाळेकडे मागण्या नेमक्या न्या. ‘जरा सांभाळून घ्या’ म्हटलं तर कुणाला काय करायचं ते कळत नाही. लिहिलेल्या टिपणांची प्रत द्यावी. सूचना एका वेळी एकच द्यावी. परीक्षेला जादा वेळ मिळावा. तोंड कोरडं पडतं म्हणून पाण्याची बाटली बाकावर असू द्यावी. आवाज वाढले तर न विचारता बाहेर जाऊन बसता येईल अशी एक जागा ठरलेली असावी. आजाराचं नाव शाळेत कुणाकुणाला सांगायचं, ते मुलाशी बोलून ठरवा. आम्ही एका शिक्षिकेला सांगितलं, तेवढं पुरलं.

ताठरपणा किंवा कंप कमी करण्यासाठी ट्रायहेक्सिफेनिडिलसारखी गोळी सोबत दिलेली असते. तिने स्मरणशक्ती मंदावू शकते. अभ्यास डोक्यात राहत नाही अशी तक्रार असेल, तर तिची अजून गरज आहे का, हे डॉक्टरांना विचारा.

औषधासोबत बाकीचा आधार असेल तर फरक पडतो, हे तपासलं गेलं आहे. अमेरिकेत रेझ नावाच्या प्रकल्पात १५ ते ४० वयाच्या, आजाराच्या पहिल्याच झटक्यातल्या ४०४ जणांचा दोन वर्षं पाठपुरावा झाला. नेमकी औषधयोजना, समुपदेशन, कुटुंबाला शिक्षण आणि शाळा-नोकरीसाठी मदत हे सगळं ज्यांना एकत्र मिळालं, त्यांचं जगणं नेहमीचे उपचार मिळालेल्यांपेक्षा जास्त सुधारलं आणि ते शिक्षणात-कामात जास्त टिकले. उपचार लवकर सुरू झालेल्यांना हा फायदा अधिक झाला. तुमच्याकडे असं सगळं एका छताखाली मिळत नसेल, तर तुकड्या-तुकड्याने जमवा. एक समुपदेशक, एक समजूतदार शिक्षक आणि आठवड्यातून एकदा भेटणारा एक मित्र एवढ्यावरही सुरुवात होते.

पायरी ९: घरातला आवाज खाली आणा

सततची टीका, राग, आणि दुसऱ्या टोकाला हात धरून सगळं आपणच करणं, या दोन्हींनी आजार उलटण्याचा धोका वाढतो. कुटुंबाला आजाराबद्दल शिकवलं तर तो कमी होतो. छोटी वाक्यं बोला, एका वेळी एकच काम सांगा आणि उत्तरासाठी मनात दहा अंक मोजा. आवाज खरे आहेत का यावर वाद घालू नका. ‘मला ते ऐकू येत नाहीत, पण तुला त्रास होतोय हे दिसतंय’ एवढं पुरतं.

मराठीत आजारी माणसाला शुभार्थी आणि त्याला सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणण्याची चांगली रीत पडली आहे. शुभंकराची झोप हाही उपचाराचाच भाग आहे. रात्रीच्या जागरणाची पाळी वाटून घ्या.

गांजा या आजारात आगीत तेल ओततो, त्याबाबत तडजोड नाही. तंबाखूच्या धुराने ओलान्झापिन आणि क्लोझापिन (याच आजारावरचं आणखी एक औषध, त्याबद्दल पुढे लिहिलंय) यांचं रक्तातलं प्रमाण घटतं, आणि सिगारेट अचानक सोडली तर ते वाढतं. मुलाने डॉक्टरांना खरं सांगावं असं वाटत असेल तर घरात त्या सांगण्यावर शिक्षा होता कामा नये.

पायरी १०: बरं वाटू लागलं की जास्त जपा

आजाराची जाणीव होते, शाळा मागे राहिल्याचं दुःख होतं, आणि याच काळात काही मुलांच्या मनात जीव देण्याचे विचार येतात. सरळ विचारा: ‘मरून जावं असं वाटतं का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मुलाला बोलता येतं. उत्तर हो आलं तर त्याला एकटं सोडू नका, गोळ्या आणि धोक्याच्या वस्तू दूर करा, त्याच दिवशी मदत घ्या.

गोळी बंद करण्याचा मोह याच वेळी होतो. पहिल्या झटक्यातून सावरलेल्या रुग्णांचा एक अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. पाच वर्षांत ८२ टक्के लोकांचा आजार किमान एकदा उलटला, आणि औषध थांबवलेल्यांमध्ये उलटण्याचा धोका जवळजवळ पाचपट होता. पहिल्या झटक्यानंतर साधारणपणे किमान एक ते दोन वर्षं औषध चालू ठेवायला सांगतात. कमी करायचं झालं तरी ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू.

दोन वेगवेगळी औषधं पुरेशा डोसने, प्रत्येकी किमान सहा आठवडे नियमित घेऊनही आवाज हटत नसतील, तर क्लोझापिनबद्दल विचारा. त्यासाठी पांढऱ्या पेशींची नियमित रक्ततपासणी लागते आणि बद्धकोष्ठतेकडे काटेकोर लक्ष द्यावं लागतं, म्हणून घरचे आणि काही डॉक्टरही ते पुढे ढकलत राहतात. अशा हटवादी आजारात इतकं उपयोगी दुसरं औषध नाही, आणि ढकललेल्या काळात मुलाची शाळेची वर्षं जातात.

शेवटचं काम शांत दिवसांत करायचं. आजार उलटण्याच्या आधीच्या खुणांची यादी मुलालाच लिहायला सांगा, कारण प्रत्येकाच्या खुणा वेगळ्या असतात. माझ्या मुलीची यादी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली आहे. तीन ओळींची आहे. ‘सलग दोन रात्री झोप लागली नाही. फोन उलटा ठेवायला लागले. आईने विचारलेलं दोनदा ऐकू आलं नाही.’ त्याखाली तिने लिहिलंय, ‘असं दिसलं तर रागावू नका. मला विचारा, आणि डॉक्टरांना फोन करा.’